साडभाऊची वॅगनआर की शोरूमची कोरी गाडी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका कास्तकार भावाचं पत्र आलं आहे. वय ४१, नऊ एकर कोरडवाहू वावर, पिकं कापूस, तूर आणि सोयाबीन. पत्नी गावातच आशा स्वयंसेविका आहेत, दोन मुलं शाळेत आहेत, घरात एक मोटरसायकल आहे. वडिलांना किडनीचा त्रास असल्यामुळं महिन्यातून दोनदा सावंगी मेघेच्या दवाखान्यात तपासणीला न्यावं लागतं. गावातली गाडी किरायानं केली तर जाऊन-येऊन ३,००० रुपये लागतात. मागच्या पावसाळ्यात एका रात्री वडिलांना दम लागला. दोन घरी गाडी मागितली, मिळाली नाही. तेव्हापासून घरची गाडी हवी हे त्यांच्या मनात पक्कं बसलं आहे. कापसाचे चुकारे आले, तूर विकली, हाती २ लाख १० हजार आहेत. शोरूमनं आल्टो के-१० चा सगळ्या खर्चासह भाव ५ लाख २० हजार सांगितला: ७० हजार आता भरा, साडेचार लाखांचं कर्ज सात वर्षांत फेडा. दुसरीकडे नागपूरचे साडभाऊ आपली २०१६ ची पेट्रोल वॅगनआर अडीच लाखांत द्यायला तयार आहेत. गाडी ७८ हजार किलोमीटर चालली आहे. "घरचीच गाडी आहे, कागदपत्रं होतील सावकाश," असं ते म्हणतात. पत्नीला वाटतं, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. स्वतः भावांना वाटतं, कोरी घेतली तर पाच वर्षं बघायला नको आणि गावातही बरं दिसेल. पण हप्त्याची धास्ती वाटते. नातलगाची गाडी तपासायची तरी कशी, हाही प्रश्न आहेच.

भाऊ,

तुमच्या पत्रात गाडीच्या किमतीचे आकडे तीन-चार ठिकाणी आले, पण एक आकडा कुठंच नाही. जूनमध्ये पेरणीला किती पैसे लागतील? नऊ एकरांचं बियाणं, खत, फवारणी, निंदणाची मजुरी यांचा हिशोब माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला ठाऊक आहे. तो आकडा आधी कागदावर मांडा आणि २ लाख १० हजारांतून वजा करा. पीक कर्ज वेळेवर मिळेलच असं धरू नका. उरेल तेच तुमचं गाडीचं बजेट. मी साधारण ७०-८० हजार पेरणीसाठी बाजूला धरतो, म्हणजे गाडीला १ लाख ३० हजार राहतात. खालचं सगळं मी या रकमेवर बसून लिहितो आहे.

शोरूमच्या हप्त्याचं गणित आधी उलगडून पाहू. साडेचार लाख रुपये साडेनऊ टक्के व्याजानं सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ७,३५५ रुपये येतो. ८४ हप्ते मिळून जवळपास ६ लाख १८ हजार होतात, म्हणजे नुसतं व्याजच १ लाख ६८ हजार. तेच कर्ज पाच वर्षांत फेडलं तर हप्ता साडेनऊ हजारांच्या घरात जातो, पण व्याज ५० हजारांनी कमी होतं. शोरूममधला पोरगा सात वर्षांचाच आकडा पुढं करतो, कारण तो ऐकायला हलका वाटतो.

पण माझी खरी काळजी व्याजाची नाही. हप्ता दर महिन्याला येतो आणि तुमच्या घरी पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर दिवाळीच्या आसपास आणि मग कापूस-तुरीचा, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. एप्रिल ते सप्टेंबर हातातून फक्त जातंच. त्या सहा महिन्यांत ४४ हजारांचे हप्ते भरायचे, तेही पेरणी आणि शाळेच्या खर्चाच्या तोंडावर. आशाताईंचा मोबदला कधी वेळेवर येतो, कधी रखडतो, त्यावर हप्ता टांगू नका. आणि दोन-तीन हप्ते चुकले तर प्रश्न फक्त गाडीवाल्या बँकेपुरता राहत नाही. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, नोंद पडते आणि पुढच्या वर्षी पीक कर्जाला गेलात की तिथला साहेब तीच नोंद उघडून बसतो. गाडीच्या हप्त्यापायी पीक कर्ज अडावं, हे मला तुमच्या घरात व्हायला नको आहे. पुढं कधी कर्ज घ्यायचं ठरलंच, तर हंगामाप्रमाणं सहामाही हप्ते बांधून मिळतील का, हे बँकेत थेट विचारा. ट्रॅक्टरच्या कर्जात ही सोय सर्रास असते.

आता तुमचं एक गृहीतक. गाडी घेतली की किरायाचे पैसे वाचतील, असं तुम्ही धरून चालला आहात. बसून मोजू. महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला ७२ हजार, वर लग्नकार्याचे आठ-दहा हजार. किराया ८० हजारांच्या आसपास. घरच्या गाडीला सावंगीच्या एका फेरीत, १८० किलोमीटर धरले तर, दहा लिटर पेट्रोल, म्हणजे हजाराच्या थोडं वर. इतर फेऱ्या धरून वर्षाचं पेट्रोल ३०-३२ हजार. कोरी गाडी असेल तर त्यात ८८ हजारांचे हप्ते आणि विमा, एकूण सव्वा लाखाच्या वर. जुनी रोखीनं घेतली तर पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, किरकोळ दुरुस्ती मिळून ६० हजार, आणि वर्षाला गाडीची किंमत २०-२५ हजारांनी उतरते ती धरली तर पुन्हा ८० हजारच. म्हणजे जुन्या गाडीत आणि किरायात पैशाचा फारसा फरक नाही, कोरी मात्र सरळ महाग पडते.

म्हणून गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही. पावसाळ्यातल्या त्या रात्री दोन दारं वाजवूनही तुम्हाला गाडी मिळाली नाही. तुम्ही विकत घेताय तो अडीअडचणीला हाताशी असणारा भरवसा, आणि त्याला किंमत आहे. पण मग गाडी निवडायची कसोटीही तीच ठेवा: रात्री दोन वाजता सुरू होईल का, पांदणीतून निघेल का, बिघडली तर तालुक्याचा मिस्त्री दुरुस्त करेल का. गावात कशी दिसेल, हा विचार या यादीत बसत नाही. लोक आठ दिवस बोलतात, हप्ता सात वर्षं चालतो. आणि गाडी दारात आली तरी १०८ नंबर विसरू नका. ती रुग्णवाहिका फुकट आहे आणि तिच्यात ऑक्सिजन असतो, तुमच्या गाडीत नसेल. वडिलांना दम लागलाय अशा वेळी आधी तो फोन लावा, मग चावी शोधा.

पांदणीवरून आठवलं. काळी माती पावसात कशी धरते हे तुम्हाला सांगायला नको. जमिनीपासून गाडीची उंची किती, हे आपल्याकडं मायलेजइतकंच महत्त्वाचं आहे. छोट्या गाड्यांत मारुतीच्या एस-प्रेसोची उंची १८० मिलिमीटर आहे, रेनोच्या क्विडची १८४. आल्टो आणि जुनी वॅगनआर त्यांच्यापेक्षा खाली बसतात. तुमचं घर डांबरी रस्त्यापासून किती आत आहे हे पत्रात नाही. शेवटचा तुकडा कच्चा असेल तर घ्यायची ती गाडी चार माणसं बसवून एकदा घरापर्यंत आणा आणि खाली काय घासतं ते ऐका.

आता वहिनींच्या म्हणण्याकडं. दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं ही भीती खोटी नाही, पण दुखणं बहुतेक वेळा आधी दिसतं, बघणारा हवा. साडभाऊंची गाडी आहे म्हणून ती परक्याच्या गाडीपेक्षा कमी तपासायची, हे मला पटत नाही. उलट जास्त तपासा, कारण परक्याची गाडी फसली तर पैसेच जातात, नात्यातली फसली तर दिवाळीच्या जेवणात ती मध्ये येऊन बसते. त्यांना मोकळेपणानं सांगा: "भाऊजी, आमचा मिस्त्री एकदा बघून घेईल, म्हणजे पुढं तुमच्याकडं तक्रार घेऊन यायला नको." यात कुणाचा अपमान नाही. आणि तुम्हाला बोलायला संकोच वाटत असेल तर वहिनींना त्यांच्या बहिणीशी बोलू द्या. बऱ्याच घरांत हे काम बहिणी जास्त सरळपणे करतात.

तपासायला सकाळी लवकर जा, गाडी रात्रभर बंद असताना. आधीच सुरू करून गरम केलेली गाडी बघायची नाही. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का बघा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खातंय. थंडीच्या सकाळी थोडी वाफ दिसणं साहजिक आहे, पण उन्हाळ्यातही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून दुधाळ साय धरली आहे का बघा, ती हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या जोडातलं पॅकिंग, गेल्याची खूण असू शकते. मग कूलंट. आपल्याकडं बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय फार आहे. त्या पाण्यानं आत क्षार बसतात आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत गाडी तापते. टाकीत हिरवं किंवा गुलाबी कूलंट न दिसता तांबूस गढूळ पाणी दिसलं तर रेडिएटरचा खर्च भावातून वजा करा. एसी दुपारी लावून बघा, चार माणसं बसवून, वीस मिनिटं गाडी चालवून. सकाळी आठ वाजता सगळेच एसी गार लागतात.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. साडभाऊ खोटं बोलतील असं मी म्हणत नाही, पण त्यांनीही ती गाडी कुणाकडून घेतली असेल तर? अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगितला की तिथं झालेल्या सर्व्हिसिंगची नोंद आणि त्या वेळचे किलोमीटर कळतात. मालकाला सोबत घेऊन जा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही चांगली दिसली तरी इतका जुना टायर आपल्या उन्हात हायवेवर नको. चार टायर बदलायचे म्हणजे बारा-पंधरा हजारांचा खर्च समजा. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या पत्र्याचे जोड आणि बोल्ट बघा. बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील किंवा एका बाजूचा रंग वेगळा चमकत असेल तर अपघाताचं विचारा. सीटचे बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. टोकाला चिखलाचा डाग दिसला तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते, आणि तशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मिस्त्री मात्र तुमच्या तालुक्याचाच न्या, नागपूरचा नको. पुढं तीच गाडी त्याच्या हाताखाली येणार आहे. मारुतीच्या जुन्या गाड्यांचं सामान आणि ते बसवणारा माणूस आपल्याकडं तालुक्याला सापडतो, हा तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. इतर कंपन्यांच्या गाड्या वाईट आहेत असं नाही, पण सेन्सर गेला की यवतमाळ किंवा नागपूर गाठावं लागणार असेल तर तो खर्च आधी धरा. डिझेलकडं इतक्या कमी चालीसाठी वळूच नका. सीएनजीचं मायलेज छान असतं, पण पंप तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल तरच, आणि टाकीमुळं डिकी जवळपास संपते.

एका गोष्टीवर मी स्वतः अडखळतो, ती म्हणजे सुरक्षितता. जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्याच वर्षी एबीएसही, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, आलं, आणि २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आल्या. आल्टो के-१० मध्ये २०२५ पासून सहा एअरबॅग मिळतात. २०१६ च्या वॅगनआरमध्ये यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी आहे. मॉडेलप्रमाणं फरक पडतो, तेव्हा स्टिअरिंगवर आणि कागदावर तपासा. गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत त्या वेळच्या वॅगनआरला एक आणि आल्टो के-१० ला दोनच तारे मिळाले होते, तर टाटाच्या टियागोला २०२० मध्ये चार. म्हणजे कोरी छोटी गाडी आपोआप मजबूत असते असंही नाही. आजारी वडिलांना मोटरसायकलवर मागं बसवून नेण्यापेक्षा जुनी वॅगनआर नक्की बरी. पण मागच्या सीटवरचाही बेल्ट लावायचा आणि वेग ८० च्या आत ठेवायचा, हे घरात ठरवून टाका. रात्री रोही आणि रानडुकरं रस्त्यात कशी येतात ते तुम्ही जाणताच.

भावाबद्दल. अडीच लाख ही मागणी आहे, किंमत नाही. त्याच वर्षाच्या, तितक्याच चाललेल्या तीन-चार गाड्यांचे भाव यवतमाळ-नागपूरला विचारून या. मग टायर, बॅटरी, रेडिएटर असा जो खर्च मिस्त्री सांगेल तो कागदावर लिहून साडभाऊंपुढं ठेवा. तोंडानं घासाघीस नात्यात अवघड जाते, लिहिलेला खर्च समोर ठेवणं सोपं असतं. गाडीची नोंदणी २०३१ मध्ये पंधरा वर्षांची होईल, त्यानंतर फिटनेस करून नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच, तेही भावात धरा. शिवाय २०१६ ची गाडी आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही. अशा जुन्या गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, हे सरकारच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे. रबरी नळ्या मिस्त्रीला बघायला सांगा.

आणि "कागदपत्रं होतील सावकाश" याला नाही म्हणा. प्रेमानं, पण ठाम. गाडी ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत नाव बदलण्याचा अर्ज आरटीओत जायला हवा. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, बँकेचं कर्ज होतं तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, विमा, पीयूसी, आणि थकलेली ई-चलानं आधी भरून घेतलेली. नवी नंबर प्लेट, एचएसआरपी, लावली आहे का तेही बघा. यात साडभाऊंचाच जास्त फायदा आहे, तो त्यांना समजावून सांगा. गाडी विकली पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकावर, नाव जुनंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, त्यांच्याकडंच राहतो, तो गाडीसोबत येत नाही. ज्यांना तेलंगण, मध्य प्रदेश किंवा दिल्लीची गाडी स्वस्तात दाखवली जाते आहे, त्यांनी आधी तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला मागावा आणि इथला कर पुन्हा भरावा लागेल हे किमतीत मिळवून बघावं. बहुतेक वेळा स्वस्ताई तिथंच संपते.

तर माझं मत असं. वॅगनआर तपासणीत उतरली आणि भाव सव्वादोन लाखांच्या आसपास आला तर घ्या. सव्वा लाख आता द्या, उरलेले एक लाख सोयाबीन आणि कापसाच्या पैशांतून, दिवाळीत अर्धे आणि फेब्रुवारीत अर्धे. शोरूम किंवा बँक जे देणार नाही ते नातं देऊ शकतं: बिनव्याजी, हंगामाप्रमाणं हप्ते. पण हे साध्या कागदावर तारखांसकट लिहा, दोघांनी सह्या करा आणि दोन्ही बहिणींना दाखवा. साडभाऊंना सगळी रक्कम आताच हवी असेल तर पेरणीच्या पैशाला हात लावू नका. या वर्षी किरायानं जा आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांशी महिन्याच्या फेऱ्यांचा आणि रात्री-अपरात्री यायचा भाव बोलून ठेवा. पुढच्या हंगामानंतर २०१९ नंतरची, एअरबॅगवाली जुनी गाडी बघता येईल. ज्यांच्या घरी महिन्याचा ठरलेला पगार येतो त्यांना मात्र मी वेगळं सांगितलं असतं. २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, त्यांनी कोरी गाडी पाच वर्षांच्या कर्जावर जरूर बघावी.

गाडी ठरायच्या आधी एक काम सुरू करता येईल. तुमच्याकडं चारचाकीचं लायसन आहे का, हे पत्रात नाही. शिकाऊ लायसन काढल्यावर पक्क्या परीक्षेला ३० दिवस थांबावं लागतं, म्हणून ते आताच काढा, आणि वहिनींचंही काढा. तुम्ही वावरात असताना वडिलांना बरं वाटेनासं झालं तर गाडी दारात असूनही चालवणारा नाही, असं व्हायला नको. दोघांनी तालुक्याच्या ड्रायव्हिंग स्कूलला महिनाभर शिका, त्यातले दोन-तीन दिवस रात्रीचे मागून घ्या. गाडी आली की तिला कपाशीच्या ढिगाजवळ किंवा कुटारावर उभी करू नका, गरम सायलेन्सरखाली वाळलेलं गवत पेटतं. गोठ्याशेजारी लावली तर उंदीर वायरी कुरतडतात, महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघत जा. आणि सावंगीला जायचं नसेल त्या आठवड्यातही एकदा तरी गाडी तालुक्यापर्यंत फिरवून आणा, नाहीतर नेमकी हवी त्या रात्री बॅटरी उतरलेली निघेल.